वर्षावासातला फळा

माझ्या धाकट्या मुलीचं, सुभद्राचं, लग्न झालं ते १९७३ साल. मे महिन्यात विहाराच्या पटांगणात मांडव टाकला होता. जावई बल्लारशाच्या कागदाच्या कारखान्यात कामाला. मुलगी सातवी पास, त्यामुळे जाताना तिनं आईला सांगितलं, "रडू नको वं, मी पत्र लिहीन."

पत्र आलं पंधरा दिवसांनी. निळं, घडीचं. मी ते उलगडलं आणि मला ते वाचता येईना.

मी संत्रा मार्केटमध्ये हमाल होतो. पन्नाशी उलटल्यावर विहारातल्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. शिकवणारे मनोहरराव पोस्टात कारकून होते आणि वस्तीतल्या विहार समितीचे सेक्रेटरीही. वर्ग एक वर्ष चालला आणि बंद पडला. त्यानंतरच्या चार वर्षांत मी पेट्यांवरची गावांची नावं सोडून काही वाचलं नाही. रायपूर, कलकत्ता, दिल्ली एवढं दिसलं की कळायचं. पण सुभद्राचं अक्षर बारीक, पळतं. पहिली ओळ लावता लावता माझ्या कपाळाला घाम आला. म्हातारपणी आलेलं अक्षर पाहुण्यासारखं असतं, विचारपूस केली नाही की निघून जातं.

पत्र घेऊन मी नत्थूकडे गेलो. नत्थू माझा लहानपणापासूनचा मित्र, वस्तीच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बायको वारलेली, एकटाच राहायचा. त्यानं हात पुसले आणि दुकानात बसलेल्या चार लोकांसमोर खड्या आवाजात पत्र वाचलं. त्यात सुभद्रानं लिहिलं होतं की सासूबाई साखर कुलपात ठेवतात आणि चहाला चिमटीनं देतात. नत्थू पोट धरून हसला. चौघंही हसले. मीही हसलो, काय करणार.

त्या चौघांतल्या एकाची बहीण बल्लारशालाच दिली होती. महिन्याभरात ती चिमटीची गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली. मग सुभद्राचं दुसरं पत्र आलं. त्यात तीन ओळी होत्या. मी खुशाल आहे. तुम्ही खुशाल असाल. काळजी करू नये. तिसरं पत्रही तसंच.

रुखमाबाई, माझी बायको, ती पत्रं उशाशी ठेवून म्हणाली, "हे पोरीचं पत्र नोहे. तिच्या मनात काही असन तं ते आता इथं लिहिणार नाही. दुकानात वाचलं जाते हे तिले समजलं."

"मंग मी काय करू?"

"शिकले ना तुम्ही? वाचाले काहून येत नाही?"



मी मनोहररावांकडे गेलो. ते म्हणाले, "लहानूबाबा, पुन्हा वर्ग काढायला मला वेळ नाही. तुम्ही रोज चार ओळी लिहा. लिहिलं की वाचता येतं. पण वहीत नको. वहीत माणूस स्वतःला फसवतो. विहाराच्या फळ्यावर लिहा. चार लोकांनी पाहिलं की चुकवता येत नाही."

विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा होता. त्यावर तोवर दोनच गोष्टी लिहिल्या जायच्या. एक, सभेची वेळ. दुसरी, वस्तीतलं कोणी गेलं की फळा पुसून नुसतं त्याचं नाव, मोठ्या अक्षरात. बाकी काही नाही. नाव दिसलं की लोक कामाला न जाता त्या घरी जायचे.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. त्या दिवशी आमच्याकडे लोक विहारात उभे राहून काहीतरी नेम धरतात. कोणी विडी सोडतो, कोणी मटण सोडतो, कोणी रोज ग्रंथ ऐकायला येतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, तीन महिने रोज सकाळी फळ्यावर चार ओळी लिहीन. बायकांच्या बाजूनं पार्वतीबाईचा आवाज आला, "विडी सोडनं सोपं गेलं असतं बाप्पा!" सगळा विहार हसला.

पहिले वीस दिवस मजेत गेले. नळाला पाणी किती वाजता आलं. मार्केटमध्ये केळ्यांची गाडी उलटली. पार्वतीबाईच्या कोंबडीनं कौलावर अंडं घातलं आणि ते गडगडत खाली येऊन फुटलं. मी उभ्यानं लिहायचो, एका ओळीला पाव तास लागायचा. हात पेट्या उचलायला बनलेला, खडू त्यात मावायचा नाही. तीन खडू मोडायचे तेव्हा चार ओळी व्हायच्या.

मग विषय संपले.

काल पाणी आलं, आजही आलं. मार्केटमध्ये काल पेट्या उचलल्या, आजही उचलणार. यात लिहायचं काय? एक दिवस लिहिलं, "आज काही नाही." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "आजही काही नाही." नत्थू दुकानातून ओरडला, "लहानू गा, काल तं हेच होतं! पुसाची मेहनत काहून घेतली?"

मी रुखमाबाईला म्हणालो, "सोडून देतो. कोणी वाचतही नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिनं चहाचं भांडं चुलीवरून उतरवून झाकून ठेवायला सुरुवात केली. "फळा झाला का? नाही? मंग चहाही नाही." मी चिडलो. ती म्हणाली, "चिडा. पण आधी जाऊन या." चहा पोटात गेला की माणूस बसतो, हे तिला माहीत होतं. तेव्हापासून तोंड धुतलं की मी थेट फळ्याकडे जायचो. मनात काही असो नसो, आधी तारीख घालायची. तारीख घातली की हात चालू होतो आणि निदान एक ओळ तरी निघते. ती ओळ फार चांगली असायची असं नाही. पण निघायची.

तरी भाद्रपदात एक दिवस असा आला की तारखेनंही काम केलं नाही. त्या वेळी मार्केटमध्ये संत्री नसतात, मजुरी कमी. सुभद्राचं चौथं पत्र आलं होतं, तेच तीन ओळींचं. अंग जड झालं होतं. नत्थूनं आदल्या दिवशी दुकानात नवा हवेचा पंप आणला होता, पितळी, पायानं दाबायचा. म्हटलं त्यावर लिहू. फळा पुसला. वर मोठ्या अक्षरात त्याचं नाव घातलं, "नत्थू सोमाजी मेश्राम". नाव लिहिता लिहिताच कंटाळा आला. खडू मोडला, दुसरा खिशात नव्हता. म्हटलं बाकीचं दुपारी आल्यावर लिहू. तारीखही घातली नाही. घरी जाऊन रुखमाबाईला म्हणालो, "झाला फळा." चहा प्यालो आणि मार्केटला गेलो.

दुपारी दोन वाजता परत आलो तर नत्थूच्या दुकानासमोर ही गर्दी. दोघं जण बांबू घेऊन उभे. बायका ओट्यावर पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. दुकानाला कुलूप.

"कोण गेलं गा?" मी विचारलं.

बांबूवाला माझ्याकडे बघतच राहिला. "तूच तं लिहिलं!"

"मी? काय लिहिलं?"

"नत्थूचं नाव! नुसतं! पहाटेच गेला असन म्हणून तुले माहीत. कुठी ठेवलं त्याले? दवाखान्यात हाये का?"

तेवढ्यात बेसा गावाकडच्या रस्त्यानं नत्थूची बहीण अंजनाबाई येताना दिसली. सकाळी तिथला दूधवाला वस्तीत आला होता, त्यानं नळावर ऐकलं आणि जाऊन तिला सांगितलं. शेतातलं निंदण टाकून ती दोन कोस रडत चालत आली होती. तिला पाहून ओट्यावरच्या बायकांनी मोठ्यानं गळा काढला. मी मधोमध उभा. हात जोडून म्हणालो, "बाई, तो मेला नाही. त्यानं पंप आणला."

"काय आणला?"

"पंप. हवेचा."

माझं डोकं फिरलं असं सगळ्यांना वाटलं. आणि त्याच वेळी नत्थू आला. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरची सायकल दुरुस्त करून पोचवायला सकाळीच गेला होता. परत पायी आला, खांद्यावर पिशवी, तोंडात पान. गर्दी पाहून थबकला.

"काय झालं? कोण गेलं?"

अंजनाबाईनं वर पाहिलं. धावत गेली आणि आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग गळ्यात पडून रडली.

सगळं कळल्यावर नत्थू फळ्यासमोर गेला, कंबरेवर हात ठेवून स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाला, "अक्षर चांगलं काढलं बे. पण मी मेलो तं मले कोणी सांगितलं काहून नाही?" मग माझ्याकडे वळून, "कायचा बदला घेतला?"

"तू माझ्या पोरीचं पत्र मोठ्यानं वाचलं. मी तुझं नाव मोठ्यानं लिहिलं," मी म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं, निघून गेलं. नत्थूनं पानाचा तोबरा थुंकला आणि खाली बघत म्हणाला, "चुकलंच गा माझं तेव्हा."

अंजनाबाई जाताना मला म्हणाली, "भाऊ, लिहाचं असन तं पुरं लिही. अर्धं लिहिशीन तं माणूस मारशीन."

बांबू परत गेले. पण बायका लगेच उठल्या नाहीत. पार्वतीबाई म्हणाली, "काल नळाचं लिहिलं ते खोटं होतं हं. पाणी साडेपाचाले नाही, पावणेसहाले आलं." दुसरी म्हणाली, "अन् माझ्या पोरीले पाहाले आले ते दोन वेळा लिहिलं, एकदाच पुरे होतं." तिसरीला लिहितावाचता येत नव्हतं. तिचा नवरा रोज पहिल्या पाळीला जाताना फळा वाचायचा आणि संध्याकाळी तिला सांगायचा. "आज काही नाही" लिहिलं त्या दिवशी तिनं नवऱ्याला, "बरोबर वाचलं का?" म्हणून परत पाठवलं होतं.

म्हणजे सगळी वस्ती वाचत होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. नळ येतो तसा फळा येतो.

त्या संध्याकाळी रुखमाबाईनं विचारलं, "सकाळी खोटं बोलून चहा प्याला ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "उद्या दोन दिवसांचं लिहा." मी दुसऱ्या दिवशी आठ ओळी लिहिल्या, सगळ्या नत्थूच्या पंपावर.

त्यानंतर मन लागलंच असं नाही. कंटाळा यायचाच, अश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशीही आला. पण कंटाळा आला तरी लिहिता येतं हे हाताला समजलं होतं. आणि एक गोष्ट माझ्या नकळत झाली. एक ओळ पाव तासात व्हायची ती दोन मिनिटांत व्हायला लागली. मार्केटमध्ये पुडीचा कागद हातात आला की मी उभ्या उभ्या वाचून काढायचो आणि मग लक्षात यायचं, अरे, वाचलं आपण.

अश्विन पौर्णिमेला विहारात मनोहररावांनी सगळ्यांच्या नेमांचा हिशोब विचारला. विडीवाले दोघं गळाले होते. माझा फळा नव्वद दिवसांत अडीच दिवस चुकला होता. दोन दिवस ताप होता, अर्धा दिवस नत्थूचा. मनोहरराव म्हणाले, चालेल.

दुसऱ्या दिवशी मी निळं पत्र आणलं आणि सुभद्राला लिहिलं. "हे पत्र मी लिहीत आहे, तुझा बाप. कोणाला सांगून लिहवलं नाही. तुझं पत्र आता मीच वाचतो. घरात वाचतो. दार लावून वाचतो. तुला लिहायचं ते लिही."

दिवाळीच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. चांगलं जाडजूड, पाकिटातलं. रुखमाबाईनं खरंच दार लावलं आणि माझ्यासमोर बसली. मी वाचायला लागलो. पळतं अक्षर, पण मी मागून जात राहिलो. साखर अजून कुलपात आहे, पण किल्ली आता सुभद्राकडे असते, कारण सासूबाईंना नीट दिसत नाही. नवरा चांगला आहे. पगार झाला की वडा आणतो. मग एका ओळीपाशी मी थांबलो.

"काय झालं? पुढं वाचा ना."

"थांब. लावू दे."

"कायले थांबता? वाचा ना अजी!"

मी वाचलं, "आई, मला तिसरा महिना आहे. इथं अजून कोणाला सांगितलं नाही. आधी तुला सांगते. मला भीती वाटते. तू ये."

रुखमाबाई म्हणाली, "ते परत वाचा." मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा तिनं उठून ट्रंक काढली आणि लुगडी भरायला घेतली.

बाहेर आलो तर नत्थू दुकानातून म्हणाला, "पोरीचं पत्र आलं वाटते. काय म्हणते?"

"दिवाळीचं लिहिलं," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं," आणि चाकात हवा भरायला लागला.

रुखमाबाई दिवाळीनंतरच्या पॅसेंजरनं बल्लारशाला गेली. एप्रिलच्या शेवटी सुभद्राला मुलगी झाली. त्यानंतरही पत्रं येत राहिली, महिन्याला एक, आणि सगळी मीच वाचली. दुपारचं जेवण झालं की रुखमाबाई दार लावायची आणि म्हणायची, "हं."

रुखमाबाई २१ फेब्रुवारी १९८१ ला, शनिवारी सकाळी, घरीच वारली. सुभद्रा तिच्याजवळ होती.