चोचीच्या कडेला एक थेंब

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: औषधाचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावा, तिचा तिला गिळू द्या. घशात ओतू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडं असतं.

आईने ऐकलं ते असं: औषध द्या.

चार दिवस आमची तांबडी कोंबडी परसात मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला घरघर. बाकीच्या तीन कोंबड्या याच दुखण्याने गेल्या होत्या. आईचं बोलणं आता हिच्याशीच चालायचं, माझ्याशी फक्त भांडण.

"मी देते," मी म्हटलं.

"तू? तुला साधा डास मारता येत नाही. मी तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते. भलीभली हट्टी कार्टी वठणीवर आणलीत."

तिचे हात हल्ली थरथरतात. त्या वेळी ते अगदी स्थिर होते, म्हणून मी ड्रॉपर दिला.

तिने तांबडीला काखेत घेतलं, मान मागे केली, चोच उघडली. "आ कर गं बाई. झालंच." आणि वॉर्डात द्यायची तसं सगळं औषध एका दमात ओतलं.

मी "अगं आई" म्हणेपर्यंत तांबडीने दोनदा पंख झाडले. चोचीतून फेस आला. मग मान आईच्या कोपरावरून खाली लोंबली.

आई तिची पाठ थोपटत राहिली.

"आई, ती..."

"शू! हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

मी आवाज खाली आणला.