बटण दाबलं होतं

मावशींनी डाव्या हातानं पाना उचलला आणि साहेबांच्या टेबलावरची काच फोडली.

"दाबलं होतं मी बटण!"

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मावशींचा उजवा हात मनगटापासून नव्हता. प्रेसनं तो पत्र्याबरोबर चेचला होता. पत्रा अडकला की लाल बटण दाबायचं, प्रेस थांबला की हात घालून पत्रा ओढायचा. अर्धं आयुष्य त्यांनी हेच केलं होतं. आणि हा कालचा साहेब म्हणतो, बाईनं बटण दाबलंच नाही!

"आत्ता तुमच्यासमोर तपासलं ना? दर वेळी थांबला प्रेस," साहेब म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही, मावशी."

"म्हणजे मी बोलते?"

पाना पुन्हा उगारला गेला. कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारा टेक्निशियन मध्ये पडला, तर मावशींचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. भळाभळा रक्त आलं बिचाऱ्याच्या. "चूक दिसली असती तर मीच बोललो असतो हो," तो रुमाल दाबत म्हणाला.

हात गेला तो गेला. पण जन्मभर नेटानं काम करून शेवटी 'बेफिकीर बाई' हा शिक्का? त्यातून प्रेसवर त्यांच्या जागी साहेबांनी मावशींचीच भाची उभी केली होती, तीही उपकार केल्याच्या थाटात.

साहेब लॅपटॉप घेऊन तरातरा खाली प्रेसकडे निघाले. मावशी मागोमाग, तोंडाचा पट्टा चालूच. त्यांच्यामागे नाकाला रुमाल लावून टेक्निशियन. प्रेसशेजारच्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं होती, एक बटणांच्या पॅनेलसाठी आणि दुसरं ऑफिसला आकडे पाठवायला. इंटरनेटसाठी ऑफिसची केबल उपसून आपल्या लॅपटॉपला लावायची साहेबांना खोडच होती. तिच्यावाचून प्रेसचं काही अडत नाही, असं सगळेच धरून चालले होते. आत्ताही त्यांनी ती काढली.

पलीकडे पत्रा अडकला. भाचीनं लाल बटण दाबलं आणि हात आत घातला.

बटण दाबलं की प्रेस दमल्यासारखा फुस्स करतो. ते फुस्स आलंच नाही. मावशींनी पाना टाकला, धाव घेतली, भाचीची वेणी मुठीत धरली आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. पोर किंचाळत फरशीवर आदळली, तिचं डोकं फुटलं. प्रेस धाडकन खाली आला. पत्र्यात अडकलेला तिचा हातमोजा त्याखाली चपटा झाला.

टेक्निशियननं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"मावशी, वेड लागलंय का तुला?" भाची ओरडली. मग तिला तो हातमोजा दिसला. "आईशपथ," ती रडायलाच लागली, "बटण दाबलं होतं गं मी."

टेक्निशियन साहेबांच्या हातातल्या केबलकडे बघत राहिला.

"ही आत्ता काढलीत? अरे देवा!" त्यानं कपाळ बडवलं. "दोन्ही कार्डं मी एकाच सबनेटवर टाकलीत. एका गल्लीत एकाच घराची दोन दारं! पॅनेलनं पहिल्याला हाक मारली, तरी कधीकधी दुसरंच ओ देतं. मग पॅनेल सगळे निरोप तिथेच टाकत बसतं. ते दार तुम्ही उपटलंत, आणि 'थांब' हा निरोप पोचलाच नाही. थोड्या वेळानं पॅनेल पुन्हा विचारतं, पहिलं दार सापडतं, सगळं सुरळीत. म्हणून तपासताना काही दिसलं नाही मला."

"त्या दिवशीही काढली होती?" मावशींनी विचारलं.

"काढली होती," साहेब पुटपुटले.

पाना पायाशीच पडला होता. मावशी वाकल्या तसे साहेबांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. पण पान्याला त्यांनी हातही लावला नाही. त्या भाचीशेजारी फरशीवर बसल्या.

"लिहा अहवालात," त्या साहेबांना म्हणाल्या. "दोघींनी दाबलं होतं."

मग भाचीचा हात मांडीवर घेऊन त्या तिचं एकेक बोट चाचपत राहिल्या. पाचही होती. तरी त्यांनी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.