माझ्या मानेवरची लाल चिकटपट्टी

मी चेंडू फेकणारे एक यंत्र आहे, मित्रांनो, आणि माझ्या जातीत बरेच वयस्कर आहे. लोखंडाची तीन पायांची घोडी, तिच्यावर एक लांब मान आणि मानेच्या टोकाला समोरासमोर बसवलेली दोन हवा भरलेली चाके, एवढाच माझा देह. चाके गरगर फिरू लागली की मागून कुणीतरी त्यांच्या फटीत चेंडू सरकवतो आणि तो सुसाट सुटतो. वीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसाने तो झेलायचा. असे दिवसाला हजार चेंडू मी फेकले आहेत.

आमच्या फुटबॉलमध्ये पायाचे काम धावण्यापुरतेच. चेंडूही गोल नसतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो. एक जण तो हाताने लांब फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. जीव खाऊन पुढे धावत जाऊन जे तो झेलतात ते रिसीव्हर. क्वार्टरबॅकचा हात दुखू नये आणि रिसीव्हरांना हवा तेवढा सराव मिळावा, म्हणून माझा जन्म.

माझ्या कारखान्यात आम्ही चौदा भावंडे रांगेत उभी होतो. मला ट्रकमधून पेनसिल्व्हेनियातल्या कार्व्हर्स बेंड या नदीकाठच्या गावी आणले, त्याला आता बावीस वर्षे झाली. गावाच्या संघाचे नाव हेरन्स, म्हणजे बगळे. कुणी दिवसभर छपरे दुरुस्त करतो, कुणी इस्पितळात खाटा ढकलतो, आणि संध्याकाळी सगळे बगळे होतात. माझ्यासाठी चर्चच्या तळघरात बायकांनी सबंध हिवाळा बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करून विकल्या होत्या. त्यामुळे पहिल्या दिवशी मला पाहायला आलेली प्रत्येक बाई मला हात लावून, "ही माझ्या पिरोगीची मशीन," असे म्हणून गेली.

माझी देखभाल वॉल्ट करी आणि वॉल्टची देखभाल त्याची बायको व्हर्ना करी. मैदानाकडे तोंड असलेल्या पत्र्याच्या खोलीत संघाचे सामान असते, तिथे दोघे सतत असायची. तो चाकांत हवा भरायचा, ती माझी खोळ शिवायची. तो ग्रीस लावायचा, ती त्याच्या बाहीवरचे ग्रीस पुसत त्याला बोलायची.

आता माझ्या मानेबद्दल सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यापाशीच घडले. मानेला एक दांडा आहे आणि त्याच्यासाठी दोन खाचा आहेत. एका खाचेत दांडा ठेवला की माझी चाके एका बाजूला कलतात आणि चेंडू एका दिशेने गिरक्या घेत जातो. दुसऱ्या खाचेत ठेवला की उलट्या दिशेने. पहिल्याच वर्षी एका टवाळ खेळाडूने गंमत म्हणून दांडा हलवला आणि दुसऱ्याच्या नाकावर चेंडू बसला. व्हर्ना तडक घरी गेली. पिरोगीचे खोके बंद करायची लाल चिकटपट्टी घेऊन आली आणि तिने दांडा मानेला गच्च गुंडाळून टाकला.

"आता हात तर लावून बघा," ती म्हणाली. "बोटांना पण गुंडाळीन."

कुणी लावला नाही. दर वसंतात ती जुन्या पट्टीवर नवी पट्टी चढवायची. पट्टीखाली दुसरी खाच आहे, हे हळूहळू सगळेच विसरले. वॉल्टसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये व्हर्ना गेली. त्या वसंतात पट्टी कुणी बदलली नाही. वॉल्ट कधी मला ग्रीस लावायला विसरायचा, कधी माझी खोळ बाहेरच राहायची. पण पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवायला तो एकही दिवस विसरला नाही. दाबून झाल्यावर जरा वेळ तसाच उभा राहायचा. मग खोलीला कुलूप लावायचा.

आमचा सर्वांत जुना रिसीव्हर रॉस्को प्रुइट. वीस वर्षांचा असताना आला, आता सदतिसाचा आहे. शाळेची बस चालवतो. सतरा वर्षांत त्याच्या तळव्यांवर मी किती चेंडू मारले असतील, ते मला मोजता येणार नाही. तो झेलतो तेव्हा आवाज होत नाही, मित्रांनो. दुसऱ्यांच्या हातात चेंडू फट्ट करून आदळतो, रॉस्कोच्या हातात तो जाऊन बसतो. पूर्वी लोक कुंपणापाशी गाडी थांबवून त्याचा सराव बघायचे.

या उन्हाळ्यात संघात दोन नवे रिसीव्हर आले. जमारी वेल्स उंच आणि वाऱ्यासारखा. टोबी ग्रॅबोव्स्की बुटका, पण उडी अशी की बघत राहावे. आल्या दिवसापासून त्यांनी रॉस्कोला आजोबा करून टाकले.

"आजोबा, दोन्ही गुडघे आणलेस ना? का एक घरी राहिला?" जमारी म्हणाला.

"एक तुझ्यासाठी ठेवलाय," रॉस्को म्हणाला. "तिशीत लागेल तुला."

"आजोबा, तुझ्या वेळी चेंडू होते का?" टोबीने विचारले. "का दगड झेलायचात?"

"दगडच. म्हणून तर खाली टाकायची सोय नव्हती. पाय फुटायचे."

रॉस्को हसत होता, पण मला वॉल्टशी त्याचे झालेले बोलणे ठाऊक होते. माझ्या चाकांत हवा भरताना तो म्हणाला होता, "वॉल्ट, गेल्या मोसमातला माझा शेवटचा चेंडू हातातून सुटला. गावासमोर. मला एक वर्ष हवंय फक्त. तसं नाही संपवायचं मला."

"कोच काय म्हणतात?"

"मुख्य अकरा जणांत रिसीव्हर दोनच. शनिवारी आपसात सामना आहे, त्यानंतर नावं वाचणार."

दोन जागा आणि माणसे तीन. त्यात आणखी एक गोष्ट झाली. आमचा जुना क्वार्टरबॅक नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि एल्डन नावाचा नवा आला. एल्डन शांत मुलगा, नेम पक्का, आणि डावखुरा. माझ्या बावीस वर्षांत या संघाला डावखुरा क्वार्टरबॅक मिळाला नव्हता.

आणि काय सांगू, मित्रांनो, चेंडू सुटायला लागले! जमारीच्या हातून सुटले, टोबीच्या हातून सुटले, रॉस्कोच्यासुद्धा. कोच लाल झाले.

"लोणी फासून येता का रे हाताला?" ते ओरडले. "जा, मशीनवर जा! शंभर झेला. नंतर आणखी शंभर!"

माझ्यावर ते शंभरच्या शंभर झेलायचे. एल्डनकडे गेले की पुन्हा खाली टाकायचे. मग कोच पुन्हा माझ्याकडे पाठवायचे. जेवढे जास्त माझ्याकडे येत, तेवढे जास्त चेंडू सुटत. मला कारण कळत होते. डावखुऱ्याचा चेंडू उलटी गिरकी घेत येतो आणि अखेरच्या क्षणी जरा दुसऱ्याच बाजूला झुकतो. मी मात्र बावीस वर्षे उजव्या हाताची गिरकी देत होते. मीच त्या पोरांचे हात रोज चुकीचे शिकवत होते. इतके ओरडावेसे वाटले! पण मला फक्त घरघरता येते.

मंगळवारी रॉस्को गुडघ्याला बर्फ लावून माझ्याशेजारी बसला होता. एका बाजूला एल्डन फेकत होता, दुसऱ्या बाजूला मी. चेंडूच्या टोकांजवळ पांढरे पट्टे असतात. रॉस्को ते बघू लागला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्याने बर्फाची पिशवी बाजूला टाकली, उठून माझ्या मानेपाशी आला आणि लाल पट्टीच्या जाड गाठोड्यावरून बोट फिरवले.

"वॉल्ट, याच्या खाली काय आहे रे?"

"काही नाही. व्हर्नाची पट्टी आहे."

"खाली खाच लागतेय बोटाला. दुसरी. दांडा तिकडे टाकला की मशीन डावखुरी होईल. पट्टी काढावी लागेल."

"नाही," वॉल्ट म्हणाला.

"वॉल्ट..."

"नाही म्हणालो ना. मशीन चांगली चाललीय."

रॉस्को बर्फाची पिशवी उचलून निघून गेला. त्या संध्याकाळी वॉल्टने पट्टीची कड दाबली आणि तो उभा राहिला. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ.

बुधवारी सकाळी सहाला तो आला तेव्हा रॉस्को दारातच बसला होता. वॉल्टने खिशातून चाकू काढला. पट्टीचे थर त्याने सरसकट कापले नाहीत, एकेक करून सोडवले. वीसेक थर असतील. आतल्या थरांचा लाल रंग अजून ताजा होता. सगळ्यात आतल्या पट्टीला पिठाचे पांढरे कण चिकटलेले होते. वॉल्ट ते बघून हसला.

"हात न धुता आली होती," तो म्हणाला. "मला सांगायची, हात धुऊन ये."

त्याने ती पट्टी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि हातोडीने दांडा दुसऱ्या खाचेत बसवला. मी कुरकुरले. त्या टवाळ खेळाडूनंतर पहिल्यांदाच माझी मान दुसरीकडे वळली होती. पहिला चेंडू रॉस्कोच्या बोटांना लागून उडाला. दहावा कसाबसा हातात अडकला. पन्नासावा त्याच्या हातात जाऊन बसला, आवाज न करता.

"कुणाला सांगत नाही मी," वॉल्ट म्हणाला. "दुपारी दांडा परत जागेवर. शनिवारपर्यंत सकाळी तू आणि ही. तुझी जागा पक्की."

रॉस्कोने मान हलवली. त्या दुपारी त्याने एल्डनचा एकही चेंडू खाली टाकला नाही. कोच म्हणाले, "बघा, म्हाताऱ्याकडे बघा! लाज वाटू द्या!" जमारीने सहा टाकले आणि त्याला मैदानाला सहा चकरा मिळाल्या. त्या संपवून तो माझ्या पायाशी येऊन बसला. त्या दिवशी त्याने कुणालाच आजोबा म्हटले नाही. तो आपले तळवे उलटेसुलटे करून पाहत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. रॉस्को पाणी प्यायला आला होता. त्याने ते पाहिले. पाणी न पिताच तो परत गेला.

गुरुवारी पहाटे त्याच्या जुन्या ट्रकमधून तिघे उतरले.

"आजोबा, सहा वाजता फक्त कोंबडे उठतात," टोबी जांभई देत म्हणाला.

"कोंबडेच व्हा मग. जमारी, उभा राहा तिथं. तुझ्या हातात काही खोट नाही, समजलं? मशीन उलटी होती."

वॉल्टने रॉस्कोला बाजूला ओढले. "अरे वेड्या, शनिवारला दोन दिवस राहिलेत!"

"माहीत आहे."

"हे दोघं शिकले तर तुझं काय?"

"ते पण माहीत आहे. चालू कर मशीन, वॉल्ट. मला पुन्हा पुन्हा विचारू नकोस, नाहीतर मी नाही म्हणेन."

मी चालू झाले. खरे सांगते, मला दोन मिनिटे त्या पोरांचा राग आला होता. रॉस्कोला जमायला पन्नास चेंडू लागले. जमारीला वीस लागले. टोबीने बाराव्या चेंडूला हवेत उडी मारून एका हाताने झेल घेतला आणि खाली उतरून असा नाचला की वॉल्टसुद्धा हसला. मग माझा राग टिकला नाही. चांगला झेल पाहिला की तो कुणी घेतला हे मी विसरते. यंत्राचा स्वभावच तसा.

शनिवारी अर्धे गाव आले. चर्चच्या बायकांनी कुंपणापाशी पिरोगीचे टेबल लावले होते. मी खोलीच्या दारातून सगळे पाहिले. जमारीने सात झेल घेतले, टोबीने पाच. रॉस्कोचे पाय त्यांच्या मागे पडत होते, हे मला इतक्या लांबूनही दिसले. त्याच्याकडे चार चेंडू आले, त्याने चारही घेतले. शेवटचा तर जमिनीपासून वीतभर वर होता. त्या गुडघ्यांनी तो कसा वाकला कोण जाणे. कुंपणापाशी सगळे उभे राहिले.

कोचने नावे वाचली. वेल्स. ग्रॅबोव्स्की.

जमारीने हेल्मेट काढले आणि तो कोचकडे गेला. "कोच, एक सांगायचंय. आम्हाला यानं शिकवलं. यानं सांगितलं नसतं तर ती जागा याचीच होती."

कोच रॉस्कोकडे वळले. "खरं आहे?"

"पोरगं फार बोलतं," रॉस्को म्हणाला.

"मग सांगितलंस कशाला?"

रॉस्कोने खांदे उडवले. "चेंडू खाली पडलेला मला बघवत नाही, कोच. कुणाच्याही हातून."

कोचने नावांचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "मला तू बाकावर हवास. एखादा पडला तर उतरशील ना?"

"नको, कोच. आजचा शेवटचा चेंडू हातात राहिला. मी त्यावर खूश आहे."

तो खरोखरच खूश होता. टोबीने त्याला पिरोगीच्या तीन थाळ्या आणून दिल्या आणि त्याने तिन्ही संपवल्या.

मला वाटले, आता रॉस्को यायचा नाही. पण सोमवारी बसच्या फेरीआधी तो आला. समोर जमारी आणि टोबी उभे होते. रॉस्को माझ्यामागे आला आणि त्याने चाकांच्या फटीत चेंडू सरकवला. सतरा वर्षे त्याचे तळवे मी समोरून पाहिले होते. त्या सकाळी ते पहिल्यांदा माझ्या पाठीशी होते. मी सहसा जितके लांब फेकते, त्याहून चार पावले लांब फेकले.

"आजोबा, मशीनला काय खायला घातलंस?" जमारी ओरडला.

"धाव," रॉस्को म्हणाला. "बोलतोस कशाला?"

आता दर सोमवारी वॉल्ट मला ग्रीस लावतो आणि माझ्या दोन्ही खाचा तपासतो. त्याची बाही काळी होते. ती तो आता स्वतःच पुसतो, आणि पुसता पुसता स्वतःला दोन शब्द सुनावतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, कारखान्यात जुनी यंत्रे असतील. त्यांना तेल द्या, त्यांच्यावर खोळ घाला, आणि वर्षातून एकदा ती कोणत्या बाजूला फिरत आहेत तेही बघा. आम्ही बिघडलेलो नसतो, पण आम्हाला कुणी सांगितल्याशिवाय बदलता येत नाही. आणि तुमच्या शेजारी कुणाच्या हातून पुन्हा पुन्हा काही निसटत असेल, तर त्याच्या हातांना नावे ठेवण्याआधी त्याच्याकडे काय फेकले जात आहे ते एकदा नीट पाहा. ओरडायला वेळ नंतरही असतो.