मुद्देमालातला मृदंग

बोरी अरबच्या देवळातला मृदंग चोरानं एकच रात्र सांभाळला. दिग्रसच्या बसस्टँडवर तो पकडला गेला आणि मृदंग कायद्याच्या हाती आला. कायदा मोठा जपणारा. लाखेचं सील ठोकून त्यानं मृदंग तालुका कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत दोन वर्षं असा ठेवला, की त्याला ना वारा लागला, ना हरिनाम.

मृदंग वाजवणारे नानाजी मात्र तो परत मिळावा म्हणून केलेल्या अर्जाच्या तारखांना झिजले. कधी साहेब रजेवर, कधी पोलिसांचं म्हणणं आलं नाही, कधी आलं तर त्यावर सही नाही. आज संध्याकाळी गावात सप्ताह बसत होता. मृदंगाशिवाय कीर्तन म्हणजे नानाजींना देवाला उपाशी ठेवल्यासारखं वाटे.

पुकारा झाला. सरकारी वकील उठले. "मृदंग अर्जदाराचाच, याला पुरावा काय?"

"माहा कायले राहीन जी? देवाचा हाय थो," नानाजी भक्तिभावानं बोलून गेले.

"साहेब, मालकी नाही हे अर्जदारानंच कबूल केलं!"

नानाजींच्या वकील बबिताताईंनी कपाळावर हात मारला. "नानाजी, कोर्टात इतकं खरं बोलतात का कोनी!"

साहेबांनी चष्मा वर केला. "देवाला समन्स काढायचा तर पत्ता लागेल. तुम्ही हा मृदंग ओळखता कसा?"

"हातानं. वाजवू द्या मले. फक्त थोडी कणीक पाह्यजे, डाव्या तोंडाच्या पुडीले लावाले. त्याबिगर थो बोलत नाही."

"मुद्देमालात फेरफार!" सरकारी वकील ओरडले. पण साहेबांनी सील तोडायला लावलं. कँटीनमधून समोशाची कणीक आली. नानाजींनी डोळे मिटून थाप मारली, आणि दोन वर्षांचा मुका मृदंग असा घुमला की शेताच्या धुऱ्यावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ दारात एकाच ठेक्यावर माना हलवू लागले. सरकारी वकिलांचा बूटही टेबलाखाली ताल धरून होता. त्यांची हरकत तेवढी चालूच होती.

साहेबांनी निकाल सांगितला, "मालकी देवाची, ताबा अर्जदाराचा. देवाकडून हरकत आलेली नाही. मृदंग आजच द्या. बोलावलं की हजर करायचा."

नानाजी मृदंग छातीशी धरून बाहेर आले. कोर्टातून माणूस काहीतरी घेऊन चाललाय, हे पायऱ्यांवर बसलेल्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सगळे बाजूला सरले. एका म्हातारीनं तर पदर डोक्यावर घेऊन मृदंगाच्या पाया पडून घेतलं.