घर बंद होतं म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी सफरचंदाची पेटी आहे. पुठ्ठ्याची. माझा तळ सुतळीने बांधलेला आहे, एका कोपऱ्याला बुरशीचा डाग आहे, आणि मी रागावलेली आहे. बाकीच्या वस्तू आपली गोष्ट सांगताना आधी जन्म सांगतात. मी आधी राग सांगितला, कारण तो माझ्याहून मोठा झालाय. माझ्यात मावतच नाही!

जन्म माझा जपानचा. रद्दी आणि फाटक्या पुठ्ठ्यांचा लगदा झाला, तो एका यंत्रात शिरला आणि मी सपाट होऊन बाहेर पडले. उत्तरेकडच्या बर्फाळ गावात एका बाईने माझ्यात छत्तीस सफरचंदं बसवली. माझ्या चारही बाजूंना वर तोंड केलेले बाण छापले होते. ही बाजू वर, असा त्यांचा अर्थ. तिकडे तो बाण म्हणजे हुकूम. अख्ख्या प्रवासात मला कोणी एकदाही उलटं ठेवलं नाही.

मी पोचले वनिताच्या दारात. वनिता मूळची भोर तालुक्यातल्या हिर्डोशीची, वरंध घाटाच्या वाटेवरच्या गावातली. तिथून ती थेट जपानला गेली, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर. मी आले तेव्हा ती कामावर होती. तिथल्या कुरिअरवाल्याने काय केलं? बेल वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. मग चिठ्ठी लिहून दारात खोचली: मी आलो होतो, आपण नव्हता, पुन्हा कधी येऊ? वनिताने मोबाईलवर संध्याकाळची सातची वेळ निवडली. सात वाजून दहा मिनिटांनी तोच माणूस मला दोन्ही हातांत धरून दारात हजर! कमरेत वाकला आणि उशिराबद्दल माफी मागितली. दहा मिनिटांबद्दल, मित्रांनो!

"अगं बया!" वनिता दार लावून मला म्हणाली. "आमच्या घरी पाव्हणा बी इतक्या मानानं आणत न्हाईत."

त्या खोलीत मराठी बोलायला तिला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलायची. मी मराठी शिकले ती अशी. तांदूळ, गोधडीएवढं जाड पांघरूण, तापाच्या दिवसांत गरम सूप, सगळं तिच्या दाराशी यायचं. "परक्या मुलखात एकटी हाय मी," ती म्हणायची, "पण कुणीतरी माझं दार ओळखतंय." हे वाक्य मी जपून ठेवलंय. सफरचंदं संपली तरी तिने मला टाकलं नाही.

तिचं एकच दुःख होतं. तिची आई, जाईबाई, हिला दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. फोन लावला की जाईबाई पडद्यावर लेकीचं तोंड बघायची आणि नुसती मान हलवायची. लेक काय बोलते, हसते की रडते, काही कळायचं नाही. फोन ठेवला की वनिता माझ्याकडे पाठ करून बसायची. शेवटी तिने पैसे साठवले. धाकटी बहीण प्रेरणा हिने आईचे पुण्याला कान तपासून घेतले आणि अहवालाचा फोटो पाठवला. त्यावरून वनिताने कानाचं मशीन तयार करून घेतलं. ते तिने एका पत्र्याच्या डबीत ठेवलं, डबी दोन टॉवेलांत गुंडाळली, ती माझ्या पोटात ठेवली आणि माझं तोंड चिकटपट्टीने बंद केलं.

"जा आता," ती म्हणाली. "माझा आवाज घिऊन जा."

मी विमानात बसले! समुद्र ओलांडला, मुंबईत तपासणी झाली, पाचव्या दिवशी मी कापूरहोळला. हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथे एका खाजगी कुरिअर कंपनीचा गाळा आहे. आता उरला दीड-दोन तासांचा रस्ता. जवळजवळ पोचलेच की, असं मला वाटलं.

मित्रांनो, त्या दीड-दोन तासांच्या रस्त्यासाठी मी तिथे एकोणीस दिवस पडून होते.

पहिल्याच दिवशी मला उलटं ठेवलं. बाणांची टोकं जमिनीकडे! माझ्यावर पंख्याचं खोकं आणि त्यावर कुणाची तरी चपलांची पिशवी. वरचा पत्रा गळत होता आणि पाणी नेमकं माझ्या तळावर. गाळ्याचा मालक हनुमंत खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईलवर माझ्या नावापुढे बोट दाबायचा. काय दाबायचा? "घर बंद." सोमवारी घर बंद. गुरुवारी घर बंद. पुढच्या सोमवारीही घर बंद. त्याची मोटारसायकल मला दिसत होती, ती त्या दिवसांत दारातून हललीच नाही. मला ओरडायचं होतं. पण पेटीला असून असून एक तोंड, आणि त्याला पट्टी मारलेली.

चौथ्यांदा "घर बंद" झालं आणि माझ्या अंगावर लाल कागद डकवला: परत पाठवणे. मंगळवारी दुपारी एकचा टेम्पो. म्हणजे वनिताचा आवाज जाईबाईच्या कानापासून एका टेम्पोच्या अंतरावर, आणि उलट्या दिशेने!

पण पार्सल कुठे अडकलंय ते वनिताला मोबाईलवर दिसत होतं, तिने घरी कळवलं, आणि मंगळवारी साडेबारा वाजता दोघी गाळ्याच्या दारात उभ्या राहिल्या. पायाला आवणाचा चिखल तसाच. तिकडे भातलावणीला आवण म्हणतात. एक पंचावन्नची बाई आणि एक शाळेच्या गणवेशातली मुलगी. पहाटेची एसटी वाटेत बंद पडली, भोरला पोचायलाच अकरा वाजले, तिथून दुसऱ्या गाडीने कापूरहोळ.

"काका, जाईबाई सोनबा, हिर्डोशी. जपानचं पार्सल," प्रेरणा म्हणाली.

हनुमंताने मान वर केली नाही. "त्ये रिटर्नला गेलं. चार येळा गेलतो आमी. घर बंद."

"कधी गेलता?"

"शिस्टीमला हाय की सगळं. शिस्टीम काय खोटं बोलती व्हय?"

"काय म्हणतुया?" जाईबाईने विचारलं. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. समोरच्या ढाब्यावरची माणसंही वळून बघू लागली.

प्रेरणा आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आपलं घर बंद हुतं म्हणत्यात!"

जाईबाईने पदर खोचला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आसं व्हय? मंग कुलूप कुणी घातलं? आमच्या दाराला कडी बी न्हाई! येक दगूड लावतो, त्यो बी कुत्रं शिरू नये म्हणून. दार बघून आलास न्हवं तू? सांग, आमच्या दाराचा रंग कंचा?"

हनुमंत गडबडला. "न... निळा."

"कारवीच्या काठ्यांचं दार हाय, शेणानं सारवल्यालं! निळा म्हणं!"

ढाब्यावर हशा उठला. हनुमंत लाल झाला आणि त्याने शेवटचं हत्यार काढलं. "बरं, बरं. ओटीपी सांगा, घिऊन जा."

आणि इथे, मित्रांनो, त्या दोघींचं तोंड उतरलं. कारण त्यांचा मोबाईल हिर्डोशीला होता! त्या गावात घरात रेंज येत नाही. रेंज येते फक्त टेपावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, मारुतीच्या देवळात. म्हणून मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवळाच्या खुंटीला टांगतात, आणि ज्याच्या कानावर घंटी पडेल तो उचलतो. पहाटेच्या गडबडीत मोबाईल सोबत घ्यायचा असतो, हे दोघींच्या डोक्यातच आलं नाही. मोबाईलची जागा म्हणजे खुंटी!

बाहेर टेम्पो लागला. पावणेएक झाला होता. हनुमंताने मला टेम्पोकडे ओढायला सुरुवात केली. प्रेरणा शेजारच्या पंक्चरवाल्याकडे धावली, त्याचा फोन घेतला आणि आपलाच नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली.

"कोण हाय?" फोनमधून आवाज आला. तो गेनबा, टेपावर म्हशी चारणारा म्हातारा.

"गेनबा आजा, मी प्रेरणा! फोनवर मेसेज येईल, त्यातलं सहा आकडं वाचा!"

"म्हस कोंडिबाच्या खाचरात शिरली, तिला काडून यिऊ का आदी?"

"आजा! टेम्पो निगाला!"

"मंग शिरंना म्हस. हां... आलं. च्यार... शून्य... ह्यो नऊ हाय का उलटा सहा... नऊच... दोन... दोन... सात."

हनुमंताने आकडे दाबले. चालले! पण गेनबा थांबला नव्हता. प्रेरणाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. "त्यो कुरिअरवाला हाय का तितं? त्याचा फोन म्याच उचलला हुता. म्या सांगितलं, जाईबाई आवणाला गेलीया, दार उघडंच हाय, आत ठिव आन जा. मंग आला का न्हाई त्यो?"

हनुमंताने मला रागाने उचलून टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि एकोणीस दिवस भिजलेला माझा तळ सुटला. जाईबाईने पदर पसरला. डबी पदरात पडली. मशीनला ओरखडाही नव्हता. मी फाटले, पण मी ते पाडलं नाही, पाडलं त्या हातांनी.

जाईबाईने मलाही टाकलं नाही. सुतळीने आवळलं, डोक्यावर घेतलं. "माझ्या लेकीच्या घरनं आलीया," ती म्हणाली. एसटीत तिने मला मांडीवर ठेवलं, बाणांची टोकं वर करून.

दुसऱ्या दिवशी सगळे टेपावर गेले. मशीन कानात बसलं. फोन लागला.

"आई?"

जाईबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "तुजा आवाज बसलाय गं. सर्दी झालीया का?"

पलीकडे वनिता इतकी रडली की आता सर्दी कोणती आणि रडं कोणतं, ते कोणालाच सांगता येईना.

म्हणाल, संपला का राग? नाही! दीड महिन्याने मशीनचे सेल आले. पुन्हा तोच गाळा. त्या दिवशी जाईबाई टेपावरच होती, खुंटीवरची पिशवी वाजली आणि फोन तिने स्वतः उचलला. पलीकडून हनुमंत म्हणाला, "हॅलो, पार्सल हाय, पण घर बंद हाय वाटतं..."

"हनुमंता," जाईबाई शांतपणे म्हणाली, "मला आता ऐकू येतंय. बोल, कुठं हुबा ऱ्हाऊन बोलतुयास? मागं एसटी स्टँडवरची गाडी पुकारल्याली बी ऐकू येती मला."

पलीकडून फोन कट झाला. दुपारी तीन वाजता, चिखलात गुडघाभर माखलेला हनुमंत पहिल्यांदा आमच्या दारात आला. दाराकडे बघत राहिला. जाईबाईने त्याला चहा दिला. मी दिला नसता.

मित्रांनो, मी आता दाराजवळच असते, माझ्यात कोंबडीची पिल्लं वाढतात. लाल कागद अजून अंगावर आहे, प्रेरणा तो काढू देत नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या पार्सलं पोचवाल, कोणी मागवाल. माझे बाण बघा, मला पावसात ठेवू नका, हे तर आहेच. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. समुद्रापलीकडून कोणीतरी आपला आवाज पेटीत घालून पाठवलेला असतो. घर बंद आहे असं लिहायचं असेल, तर आधी त्या घरापर्यंत या. बंद असेल तर चिठ्ठी खोचा.

आणि आमच्याकडे आलात, तर दगड बाजूला सारा नि आत या. पिल्लं तेवढी सांभाळा.