सवतीचं ऑइल

मी मोटारसायकल बोलतेय. जिन्याखाली, झाडूशेजारी उभी असते ना, तीच. पूर्वी माझी जागा ऐन दारात होती. आता तिथे चारचाकी असते. माझी सवत!

माझा जन्म कारखान्यातला, पण कामाला लागले ती या सुताराच्या घरी. मालकांची करवत, रंधा, मागे मालकीणबाई, पुढे टाकीवर लेक, सगळ्यांना घेऊन मी गावभर हिंडले. मालकांचा धंदा वाढला आणि ही बया घरात आली. तिला रोज पुसायचं, वर कव्हर घालायचं. माझ्या सीटवर मात्र मांजर झोपायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

सगळ्यात झोंबायचं ते तिचं ऑइल. काय तो सोनेरी डबा! मालक तो दोन्ही हातांनी अलगद उचलायचे. माझं ऑइल साध्या काळ्या डब्यातलं. माझ्यात काय कमी आहे, म्हणून मी धुमसत राहायचे.

एकदा तिच्या डब्यात थोडं ऑइल उरलं. मालक माझ्याकडे वळले. "हीसुद्धा जन्मभर राबलीय. होऊ दे हिचीही चैन!"

माझं जुनं ऑइल काढून त्यांनी ते भारीतलं ओतलं. मी हरखून गेले. सवतीला वाकुल्या दाखवायचंच काय ते बाकी होतं.

चैन लवकरच अंगाशी आली. चढावर मालकांनी मूठ पिळली, तर मी नुसतीच बोंबलले, चाक काही जोर धरेना. मागे बसलेल्या मालकीणबाई खाली उतरल्या.

"अहो, थकली ही. विकून टाका आता."

 

विकण्याआधी एकदा दाखवावं म्हणून मालकांनी मला मेकॅनिककडे नेलं. त्याने विचारलं, "ऑइल कुठलं घातलंत?"

"चारचाकीचं. चांगलं महागातलं आहे."

"असेल हो, पण हिच्या कामाचं नाही. तिचा क्लच कोरडा, हिचा ऑइलमध्येच बुडालेला. या ऑइलने तो सटकतो. कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तेच घालत जा."

"मग विकायला नको?"

"हिला काय धाड भरलीय!"

त्याने क्लचच्या प्लेटा धुतल्या, माझं नेहमीचं ऑइल भरलं आणि तोच चढ मी मालकीणबाईंसकट चढले. घरी येताच मालकांनी कानावरची पेन्सिल काढून काळ्या डब्यावर लिहिलं, 'फक्त हिचं'.

तरी माझी जळजळ थांबलेली नाही, खोटं कशाला बोलू? मालक, तिचं ऑइल तिला लखलाभ. मला माझंच घाला. पण दारातली माझी जागा तेवढी परत द्या. आणि ते मांजर तिच्या टपावर झोपवा.