अंबूबाईचा ठराव

दूध संघाची निवडणूक लागली की आमच्याकडे म्हशींपेक्षा माणसांचा भाव वाढतो. मत सगळ्यांना नसतं. गावातली दूध संस्था ज्याच्या नावाने ठराव करते, त्या एकट्यालाच असतं. राधानगरीकडच्या एका वाडीतल्या महिला संस्थेने हा ठराव अंबूबाईच्या नावाने केला. विधवा बाई, दुधात पाणी घालणार नाही आणि दिला शब्द फिरवणार नाही, अशी तिची ख्याती. असल्या ख्यातीचं वाटोळं करायला कुणीतरी टपलेलं असतंच.

विरोधी पॅनेलचा उमेदवार विजयसिंह पांढऱ्या गाडीतून उतरला, तिच्या पाया पडला आणि बिरोबाचा भंडारा पुढे धरला. मतदानापर्यंत आम्ही नेऊ तो मुक्काम सोडायचा नाही, अशी शपथ.

"पावणं, माझी म्हस व्यायला आलीया," अंबूबाई म्हणाली. "माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई ती."

"मावशी, तुमची म्हस ती माझीच म्हस. माणूस बसवतो की गोठ्यात!"

त्या एका म्हशीवर तिचं घर चालायचं. तरी माणूस एवढा पाया पडतोय म्हटल्यावर तिने भंडारा उचलला. म्हशीकडे बघायला जाऊ तानाबाई होतीच.

कोकणातल्या हॉटेलात ठरावधारकांची बडदास्त जावयाला लाजवील अशी होती. दोन्ही वेळा मटण, वर सुरमई. खर्च कुणाचा, हे विचारायचं नसतं. निवडून आल्यावर तो दुधातूनच काढतात. फोन मात्र पहिल्याच दिवशी काढून घेतले. शेजारच्या गावची संयोगिता तेवढी हुशार, तिने एक लपवला होता. त्यावरून एका सकाळी अंबूबाईने घरी फोन लावला, तर तानाबाईचा रडका आवाज आला.

"अक्का, म्हस अडलीया! रेडकू आडवं आलंय. संघाचा डाक्टर म्हणतोय, सायबांचा हुकूम हाय, अंबूबाई आमच्या बाजूला आली तरच येतो."

साहेब म्हणजे सत्ताधारी पॅनेलचे. डॉक्टर त्यांच्या मुठीत, आणि वाडीला दुसरा डॉक्टर नाही.

"आन् विजयसिंहाचा माणूस?"

"कुठला माणूस? हितं काळं कुत्रंबी फिरकलं न्हाई."

अंबूबाई धावत विजयसिंहाकडे गेली. तो नाश्ता करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घास गिळला.

"जायाचं तर जावा की. दार उघडं हाय, मी कोण अडवणार? फकस्त भंडारा उचललाय. बिरोबाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

अंबूबाई फाटकापर्यंत गेली. समोर रस्त्यावर घाटाकडे जाणारी एसटी उभी होती.

"जावा वो मावशी," संयोगिता मागून म्हणाली. "देवाला काय म्हस मेलेली आवडती व्हय?"

अंबूबाईने फाटकाची कडी हातात धरली, सोडली, पुन्हा धरली. एसटी निघून गेली. ती तिथेच खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली. सकाळी एक आणि संध्याकाळी एक शपथ घेणारी माणसं आत बसून सुरमईचे काटे काढत होती. देवाला भ्यायची ती एवढी एकच. दुपारी फोन आला. म्हैस गेली, रेडकूही गेलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायची मुदत संपत होती. भाषणात एकमेकांची आयमाय काढणारे दोन्ही पक्षांचे नेते कोल्हापुरात एका टेबलाला बसले. जागा वाटून घेतल्या. निवडणूक बिनविरोध झाली. विजयसिंह संचालक झाला आणि संध्याकाळी त्याच सत्ताधारी साहेबांनी त्याला गुलाल लावला. हॉटेलचा मॅनेजर खोल्या रिकाम्या करा म्हणून दारोदार फिरू लागला.

"मग मत कवा द्यायचं?" अंबूबाईने विचारलं.

"कसलं मत, मावशी?" तो हसला. "पिशवी भरा."

गावाकडे तानाबाईने गोठ्यामागे खड्डा काढून, मीठ टाकून म्हैस पुरली होती. अंबूबाई पोचली त्याच दिवशी दारात संघाची जीप थांबली. डॉक्टर खाली उतरला. औषधांची पेटीही त्याने आठवणीने आणली होती.

"दोन्ही सायबांचा फोन आला," तो जरा हसून म्हणाला. "आता काही अडचण नाही. म्हैस कुठाय?"

अंबूबाईने त्याचं मनगट धरलं. त्याला ओढतच गोठ्यामागे नेलं आणि ओल्या मातीपुढे उभं केलं.

"ही हितं हाय," ती म्हणाली. "बसा खाली. घाला हात, आन् तपासा की!"